अमेरिकी विद्यापीठांतील पदवीपूर्व प्रवेश : परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज

बारावी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण घेतलेल्या, पण अमेरिकेचे नागरिकत्व वा कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या विद्यार्थ्याने तेथील चार वर्षांच्या बॅचलर पदवीसाठी करावयाचा अर्ज आणि त्यावर होणारा निर्णय, असा या नोंदीचा विषय आहे. या प्रवेशात सामायिक परीक्षा, गुणवत्ता यादी, कॅप राउंड असे काहीही नसते. प्रत्येक संस्था स्वतंत्रपणे निवड करते आणि नकाराचे कारण सांगायला ती बांधील नसते. ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालानुसार 2023-24 मध्ये अमेरिकेत 11,26,690 परदेशी विद्यार्थी होते. त्यांतले 3,31,602 भारतीय होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. मात्र या भारतीयांपैकी पदवीपूर्व वर्गात शिकणारे फक्त 36,053 होते. एकट्या पदव्युत्तर वर्गांत 1,96,567 होते. ही तफावत बुद्धिमत्तेची नाही, पैशाची आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला काही ठिकाणी सहायकपद मिळते, अभ्यासक्रम दोन वर्षांत संपतो, शिक्षणकर्ज फेडण्याइतकी नोकरी दिसत असते. पदवीपूर्व विद्यार्थ्यापुढे चार वर्षांचा खर्च असतो आणि तो बहुतांशी घरच्यांनाच उचलावा लागतो. आपल्याकडे या प्रवेशाची चर्चा सॅटचे गुण, निबंध आणि ‘प्रोफाइल’ यांभोवती फिरते. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे की, परदेशी अर्जदाराच्या बाबतीत कुटुंब दरसाल किती रक्कम भरू शकते ही सर्वांत वजनदार बाब आहे. ती कोणत्या संस्थेत कशी मोजली जाते हे आधी कळले नाही, तर बाकीची तयारी भलत्याच दिशेने होते.

अर्जाचे स्वरूप आधी पाहू. 1975 मध्ये 15 खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक समान अर्ज स्वीकारायचे ठरवले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘कॉमन ॲप’मध्ये आज एक हजाराहून अधिक संस्था आहेत, एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचे अर्ज मात्र वेगळे. दरवर्षी 1 ऑगस्टला नवा अर्ज खुला होतो. त्यात नववीपासूनचे गुण, जास्तीत जास्त 650 शब्दांचा एक वैयक्तिक निबंध, बहुतेक निवडक संस्थांचे स्वतःचे छोटे पूरक प्रश्न आणि दहापर्यंत उपक्रमांची यादी मागतात. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरांची जागा असते, रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे धरून. आठवड्याला किती तास आणि वर्षाचे किती आठवडे दिले, हेही आकड्यांत लिहायचे असते. धाकट्या भावंडांना सांभाळणे किंवा घरच्या दुकानात बसणे हेही त्या यादीत रीतसर बसते, आणि आपल्याकडची मुले नेमके तेच गाळतात. शाळेकडून समुपदेशकाचे पत्र, शाळेची माहिती देणारे टिपण आणि शिक्षकांची शिफारसपत्रे जातात. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाची खरी पंचाईत इथे होते. कॉलेजात नाव आणि शिकणे क्लासमध्ये अशी व्यवस्था असेल, तर ज्याने पत्र लिहायचे त्या प्राध्यापकाला विद्यार्थी तोंडओळखीनेही माहीत नसतो. समुपदेशकाचे पदच नसते, त्यामुळे तो फॉर्म उपप्राचार्यांच्या टेबलावर पडून राहतो. शिवाय निर्णय मार्चअखेर लागतात आणि बारावीचा निकाल मेमध्ये, म्हणून शाळेने अपेक्षित गुण कळवावे लागतात. मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांना त्याची सवय नसते.

आता पैशाकडे येऊ. अनेक नामवंत खासगी संस्थांत फी, राहणे आणि जेवण मिळून वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर गेला आहे. अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्र सरकारची शिक्षणमदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, त्यामुळे मदत द्यायचीच तर ती संस्थेला स्वतःच्या निधीतून द्यावी लागते. परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज न पाहता निवड करायची आणि मग ती गरज पूर्ण भागवायची, असे धोरण फार थोड्या संस्थांचे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी व ॲम्हर्स्ट ही त्यांतली जुनी नावे. 2022 मध्ये डार्टमथ व बोडन आणि त्यानंतर ब्राऊन त्यांत आले. बाकी बहुसंख्य निवडक संस्थांत परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही हे निवड करतानाच पाहिले जाते. म्हणजे दोन अर्ज सर्व बाबतीत तुल्यबळ असतील, तर कमी मदत मागणारा पुढे सरकतो. या संस्था हे लपवत नाहीत, आपल्या संकेतस्थळांवर स्पष्ट लिहितात. आपल्याकडे ते वाचले जात नाही, एवढेच. आधी मदत न मागता प्रवेश मिळवू आणि मग मागू, असा हिशेब करणाऱ्यांसाठी त्यांपैकी अनेक ठिकाणी आणखी एक नियम असतो : अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील चारही वर्षे ती मागता येत नाही. मदतीसाठी बऱ्याच संस्था कॉलेज बोर्डाचा ‘सीएसएस प्रोफाइल’ भरायला लावतात. त्यात आईवडिलांचे उत्पन्न, ठेवी, घर, धंदा, शेती या सगळ्याचे मूल्य विचारले जाते. सातबाऱ्यावर चार भावांच्या नावाने असलेली, विकता न येणारी वडिलोपार्जित जमीन त्या रकान्यात मालमत्ता म्हणून उभी राहते. ती खुलाशाच्या जागेत नीट समजावून सांगितली नाही, तर कुटुंब कागदावर आहे त्याहून सधन दिसते. एखादा परिच्छेद जास्त देखणा करण्यापेक्षा हा खुलासा नेमका लिहिणे कितीतरी अधिक फळ देते.

सरकारी विद्यापीठांत हेच गणित उलट्या बाजूने दिसते. राज्याबाहेरच्या आणि परदेशी विद्यार्थ्याकडून तेथे स्थानिकापेक्षा कितीतरी जास्त फी घेतली जाते, आणि पदवीपूर्व पातळीवर गरजेनुसार मदत अपवादानेच मिळते. जॉन बाउंड, ब्रेनो ब्रागा, गौरव खन्ना आणि सारा टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 1996 ते 2012 या काळाचा अभ्यास केला. राज्याच्या अनुदानात 10 टक्के घट झाली की सार्वजनिक संशोधन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी सुमारे 12 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. परदेशी मुलांची गुणवत्ता त्या त्या वर्षी अचानक वाढली, असे काही नव्हते. विद्यापीठाच्या तिजोरीत खड्डा पडला होता. उलट दिशेचेही उदाहरण आहे. 2017 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने बहुतेक संकुलांत राज्याबाहेरच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांवर 18 टक्क्यांची मर्यादा घातली, कारण आपल्या मुलांच्या जागा बाहेरचे पैसेवाले घेतात अशी स्थानिक पालकांची तक्रार होती. अर्जदाराला न दिसणारे हे अर्थकारण त्याच्या निकालावर त्याच्या निबंधाइतकाच, अनेकदा त्याहून मोठा परिणाम करते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, मग निबंध, उपक्रम, शिफारसपत्रे ही सारी धूळफेक म्हणायची का? तसे नाही. माणूस समग्र पाहून निवडण्याची रीत खरी आहे आणि प्रवेश अधिकारी ते अर्ज खरोखर वाचतात. परंतु या रीतीचा उगम तपासला पाहिजे. 1920 च्या दशकात हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेले, तेव्हा अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी त्यावर मर्यादा आणण्याचा प्रयत्न केला. उघड कोटा ठेवता आला नाही, म्हणून चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, घरची पार्श्वभूमी, छायाचित्र, शिफारसी यांना निवडीत वजन देण्यात आले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ या 2005 च्या ग्रंथात हा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. पुढे हीच लवचीकता वंचित समाजांना सामावून घेण्यासाठीही वापरली गेली, आणि जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. म्हणजे समग्र मूल्यमापन हे संस्थेच्या हातातले साधन आहे. संस्थेला त्या वर्षी जसा वर्ग हवा असेल तसा ते घडवून देते. स्वतःविषयी सांगून दार उघडायला लावण्याची ताकद अर्जात असते, हेही तितकेच खरे. आनंदीबाई जोशी यांनी 1883 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात आपल्या शिक्षणातील उणिवा मान्य केल्या आणि आप्त व जातबांधवांचा विरोध पत्करून इथवर येण्याचा निर्धार त्या उणिवा भरून काढील असा युक्तिवाद केला. महाविद्यालयाने तो मान्य केला. असा निबंध आजही चालतो. फक्त तो ज्या दारावर जातो ते दार पैशाच्या कारणाने आधीच अर्धे बंद आहे का, हे पाहायला हवे.

दुसरा आक्षेप परीक्षेच्या बाजूने येतो. आपल्या जेईई, नीट, सीईटीच्या सवयीतून असे वाटते की सॅटमध्ये 1600 पैकी 1550 पडले की काम झाले. सॅट 1926 पासून आहे. भारतात ती मार्च 2023 पासून संगणकावर होते आणि 2 तास 14 मिनिटांत संपते. करोनाकाळात बहुतेक संस्थांनी ती ऐच्छिक केली. एमआयटीने 2022 मध्ये, डार्टमथ व हार्वर्डने 2024 मध्ये चाचणीची अट पुन्हा आणली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र हे गुण पाहतच नाही. चांगले गुण उपयोगी आहेत, विशेषतः मंडळाचे गुण परक्या वाचकाला उलगडत नाहीत तेव्हा. पण ते उंबरठा ओलांडून देतात, जागा राखून ठेवत नाहीत. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या 2023 च्या अभ्यासात असे दिसले की, आयव्ही लीग आणि तिच्या बरोबरीच्या चार संस्थांत सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले सारखेच गुण असलेल्या मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात शिकतात. तो अभ्यास अमेरिकी मुलांचा आहे. जिथे देशातल्या मुलांसाठी सरकारी मदतही असते तिथे असे होत असेल, तर ती मदत नसलेल्या परदेशी मुलाने केवळ गुणांवर विसंबणे भाबडेपणाचे ठरते. एमआयटीसारखी गरज न पाहणारी संस्थासुद्धा परदेशी प्रवेशांची संख्या मर्यादित ठेवते, त्यामुळे तिथे परदेशी अर्जदारांच्या निवडीचे प्रमाण एकूण प्रमाणाच्या निम्म्याहून कमी असते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे सगळे खरे असेल तर सामान्य घरच्या मुलाने अर्जच करू नये, असा याचा अर्थ होतो. उलट, कुठे करावा हे त्यातूनच कळते. नामवंत दहा-बारा नावांपलीकडे लहान निवासी लिबरल आर्ट्‌स महाविद्यालये आहेत. त्यांतल्या काहींत निवडलेल्या परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण गरज भागवली जाते, मात्र अशा जागा मोजक्याच असतात. मुळशी तालुक्यात पौडजवळच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात 1997 पासून मुले शिकत आहेत. 2000 मध्ये शेल्बी डेव्हिस यांच्या देणगीतून सुरू झालेल्या योजनेमुळे अशा कॉलेजांतून येणाऱ्या मुलांसाठी अमेरिकी संस्थांना निधी मिळतो. कोल्बी, मिडलबरी, वेलस्ली, प्रिन्स्टन आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक या पाच संस्थांपासून ती योजना सुरू झाली. मुलांची पात्रता तीच होती. खर्च कोण उचलणार या प्रश्नाला उत्तर मिळाल्याने त्यांची वाट मोकळी झाली. माझ्या मते या नोंदीच्या म्हणण्याला याहून बोलका पुरावा नाही. याउलट, मुलाला कुठे पाठवावे हे सल्लागार कंपन्यांवर सोडणे धोक्याचे आहे. अमेरिकेत विद्यार्थी आणून दिल्याबद्दल दरडोई कमिशन देण्यास केंद्रीय कायद्याने बंदी आहे, पण परदेशांत राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना ती लागू नाही, आणि प्रवेश सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेनेही 2013 मध्ये आपली मनाई सैल केली. त्यामुळे सल्लागाराला विद्यापीठाकडून पैसे मिळतात का, हा प्रश्न पालकांनी पहिल्याच भेटीत थेट विचारावा.

मुदतींतही पैशाचा धागा सुटत नाही. नोव्हेंबरच्या आरंभीची ‘अर्ली डिसिजन’ ही बंधनकारक फेरी असते. निवड झाली तर तिथेच जावे लागते. दिलेली मदत पुरणारी नसेल तरच त्यातून सुटका होते. इतर संस्थांचे देकार ताडून पाहण्याची संधी तिथे राहत नाही, म्हणून खर्चाची खात्री असलेल्या कुटुंबाला ही फेरी जास्त परवडते. नियमित फेरी जानेवारीच्या आसपास संपते आणि होकार 1 मेपर्यंत कळवायचा असतो. मग संस्था ‘आय-20’ हा दाखला देते. त्याच्या पहिल्या पानावर एका बाजूला फी, राहणे व इतर खर्च यांचे आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे पैसे, संस्थेची मदत व अन्य स्रोत. दोन्ही बेरजा जुळाव्या लागतात. पैशाच्या पुराव्यावाचून हा कागद निघत नाही. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीसाठीचे 350 डॉलर सेविस शुल्क आणि 185 डॉलर व्हिसा शुल्क भरून महाराष्ट्रातील बहुतेक मुले मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जातात. 1952 च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम 214(ब) असे गृहीत धरते की, अर्जदार कायमचा राहायला येत आहे. तसे नाही हे त्यालाच पटवून द्यायचे असते. जून 2025 पासून समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची अटही घातली गेली आहे. काही मिनिटांच्या त्या मुलाखतीत विषय का निवडला याच्या बरोबरीने हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो : चार वर्षांचा खर्च कोण करणार आणि तो कशातून.