फ्लोराइडयुक्त पाण्याचा वाद

दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळावे की नाही, याविषयीचा सार्वजनिक वाद. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने जगात प्रथम ते मिसळले. न्यू जर्सीने मात्र हात आखडताच ठेवला. असे पाणी सर्वांत कमी लोकांना मिळणाऱ्या राज्यांत त्याची गणना होते.

याच राज्यात, वुडब्रिज टाउनशिपमध्ये, आयसेलिन आहे. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावातील मराठी घराला हा वाद उलटाच वाटावा. महाराष्ट्रात खटपट आहे ती फ्लोराइड काढण्याची! यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात बऱ्याच ठिकाणी विंधन विहिरींच्या पाण्यात ते मुळातच जास्त. आधी दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली.

प्रश्न मात्रेचा आहे. अमेरिकेची २०१५ ची शिफारस लिटरला ०.७ मिलिग्रॅम; भारतीय मानकाची कमाल मर्यादा १.५. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये १.५ हून अधिक मात्रेचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी जोडला, ०.७ बाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचेही नमूद केले. हे दुसरे वाक्य विरोधक सहसा गाळतात.

२०२५ मध्ये यूटा आणि पाठोपाठ फ्लोरिडाने फ्लोराइड मिसळण्यावर बंदी घातली.