काचीगुडा : नावात उरलेला मळा

काचीगुडा म्हटले की परगावच्या माणसाला रेल्वे स्टेशन आठवते. स्टेशनची इमारत १९१६ सालची. वस्तीचे नाव त्याहून जुने. बुंदेलखंडाकडून येथे आलेल्या काछी लोकांवरून ते पडले, असे मानले जाते. काछी म्हणजे परंपरेने भाजीपाला पिकविणारा समाज, आपल्याकडील माळ्यांसारखा. जवळच्या बाग अंबरपेठ आणि बाग लिंगमपल्ली या नावांतही तीच ओल आहे.

भाजीचा मळा शहराच्या आश्रयानेच वाढतो. मेथी-कोथिंबीर उपटल्यावर काही तासांत कोमेजते, म्हणून बाजार जवळ लागतो. गोठ्यांतील शेणखतही जवळच मिळावे लागते. ज्वारीचे शेत चार दिवस धीर धरते. मळा मात्र घरातील सर्वांचे हात रोज मागतो. पण ज्या जवळिकीवर तो जगतो, तीच त्याच्या मुळावर येते. वाढत्या शहराचे पहिले पाऊल मळ्यावरच पडते. एका एकराचे ४० गुंठे, एका गुंठ्याचे १२१ चौरस गज. मळा गुंठ्यांत मोजतात, घराचा प्लॉट गजांत. माप बदलले की मळा संपला, असे खुशाल समजावे.

महसुली कामात मी जुन्या पहाण्या पुष्कळ पाहिल्या. तीत पट्टेदाराचा रकाना वेगळा आणि प्रत्यक्ष कब्जा-वहिवाट असणाऱ्याचा वेगळा. जमीन कोणाची, या प्रश्नाला दोन उत्तरे असू शकतात, हे त्या कागदालाही ठाऊक होते. हैदराबाद संस्थानात १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या आणि १९५० च्या कुळकायद्याने संरक्षित कुळाला मान्यता मिळाली. तेलंगण आणि मराठवाडा, दोन्हीकडे तो लागू होता.

आपल्यातील कितीतरी घरे मराठवाड्यातून नोकरीनिमित्त येथे आली आणि पट्ट्यावरील नाव मागे ठेवून आली. आमचेही तसेच. नांदेडकडील आमचा लहानसा मळा एक कुळ-कुटुंब तीन पिढ्या राखत होते. कायद्याने तो त्यांचा झाला. आजोबांना ही सल अखेरपर्यंत होती. तरुणपणी मीही तीच बाजू मांडत असे. पुढे एकदा मी तेथे गेलो. बांधावरच्या शेवग्यापासून पाण्याच्या पाटापर्यंत सारे जागच्या जागी होते. त्या घरच्या म्हाताऱ्या आजींनी वांगी ओटीत घातली आणि म्हणाल्या, “न्या मालक, तुमच्याच मळ्यातली हायती.” ‘मालक’ या शब्दाने मला त्या दिवशी ओशाळल्यासारखे झाले.

१९९९ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशात रयतु बाजार सुरू झाले. पिकविणाऱ्यालाच ओळखपत्र देऊन दलालाविना भाजी विकू देण्याची ती योजना. त्यातही हाच न्याय होता : पिकविणारा हात ओळखला जावा.

काछींचे मळे आज येथे नाहीत. आपण ज्या जमिनीवर घरे बांधली ती कोणी तरी राखली होती, एवढे तरी या नावाने स्मरावे. पट्टा वारशाने मिळतो. राखण रोज करावी लागते.