जवारी आणि नक्षी

पनवेलच्या गाणाऱ्यास तंबोरा घ्यावयाचा झाला म्हणजे आधी मिरजेची आठवण होते. तेथे एकाच कारागिराचे दोन तंबोरे, एक मध्यम किमतीचा नि एक भारी, शेजारी ठेवले की प्रथम डोळ्यांत भरते ती नक्षी. पूर्वी ती हस्तिदंती असे.

मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, असे सांगतात. पोलादावर फिरणारा हात घोडीवर फिरू लागला. घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासावा, तारेखाली सुताचा दोरा सरकवावा, की स्वर रुंदावतो. हीच जवारी.

भारी तंबोऱ्याचा पंढरपूरकडचा भोपळा निवडक असतो, लाकूड मुरलेले असते. त्याचे पैसे रास्तच. नक्षीचे मात्र (रसिक रागावोत!) डोळ्यांचे पैसे. जवारी वाजवून झिजते. ती पुन्हा काढली नाही तर भारी तंबोराही बद्द वाजतो, आणि जाणत्या हाती पडलेला साधा तंबोरा घुमतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी कोणी काढली, हे मात्र अजूनही दुकानात विचारूनच घ्यावे लागते.