सुट्ट्या चांदीचं कूळ

डेन्मार्कच्या जुन्या नाण्यांचा डबा उपडा केला की हात आधी चकाकत्या रिग्सडालरकडे जातो. मी मात्र तळाच्या काळपट चिल्लरीत अडकतो. ही हिणकस चांदीची पिल्लावळ. डॅनिशमध्ये तिला ‘स्किलेमॉन्ट’ म्हणतात. ‘स्किलिंग’ या नाण्यावरून हे नाव पडलं असेल असं वाटतं, पण तसं नाही. शब्द जर्मनकडून आलाय आणि मुळात त्याचा अर्थ ‘वेगळं करणारं नाणं’. गिऱ्हाइकाचा आणि दुकानदाराचा हिशेब मिटवून दोघांना एकमेकांपासून सोडवतं, ते. आपले ‘सुट्टे’ तरी दुसरं काय करतात?

चांदीत तांबं घालण्यात राजाची लबाडी होतीच, पण गरजही होती. ९६ स्किलिंगचा एक रिग्सडालर. १८५४ पासूनच्या रिग्सडालरमध्ये शुद्ध चांदी सुमारे १२.६ ग्रॅम. म्हणजे ४ स्किलिंगच्या वाट्याला जेमतेम अर्धा ग्रॅम. एवढ्या चांदीचं नाणं पाडलं तर ते टिकलीएवढं होणार आणि पहिल्याच बाजारात हरवणार! म्हणून एक भाग चांदी, तीन भाग तांबं असं १.८६ ग्रॅमचं नाणं पाडलं. अशी २४ नाणी दिली की रिग्सडालर फिटायचा. वितळवली तर मात्र चांदी निघायची ११ ग्रॅमच्या थोडी वर. उरलेली टांकसाळीच्या खर्चात आणि खजिन्यात.

तरीही नवं नाणं पांढरंशुभ्र दिसायचं. ठसा मारण्याआधी चकती आम्लात उकळत. वरवरचं तांबं विरघळून जाई, चांदीची पातळ साय तेवढी उरे. पंचवीस-तीस वर्षं हातोहात फिरल्यावर राजाचं नाक आणि कानावरचे केस आधी तांबूस पडतात, कल्हई गेलेल्या पातेल्यासारखे. ओळखीची ही सर्वांत भरवशाची खूण. (चिंचेनं घासून ती घालवू नका. साय गेली की परत येत नाही.)

राजा ओळखणं त्या मानानं सोपं. १५१३ ते १९७२ या काळात डेन्मार्कच्या गादीवर क्रिस्टियान आणि फ्रेडरिक आळीपाळीनंच बसले. चेहऱ्याऐवजी मुकुटाखाली आद्याक्षर असलं, तरी प्रश्न उरतो तो फक्त आकड्याचा.

१८७० च्या दशकात स्किलिंग जाऊन क्रोन आणि ओर आले, पण हिणकस चांदी गेली नाही. १० ओरच्या नाण्यात ती ४० टक्के होती, २५ ओरमध्ये ६०. टांकसाळप्रमुखाची आद्याक्षरंही नाण्यावर असतात : १८९३ ते १९१८ ‘व्हीबीपी’, पुढे ‘एचसीएन’. पहिल्या महायुद्धात चांदी महागली. १९१९ चं १० ओर चांदीचं, १९२० चं तांबं-निकेलचं. ते आरपार पांढरं. कितीही झिजलं तरी तांबूस पडत नाही.