कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमची दुरुस्ती

कॅसेटवर चालणारा व्हिडिओ गेम हा दोन भागांत विभागलेला संगणक असतो. प्रोसेसर, चित्र काढणारी चिप आणि थोडीशी तात्पुरती मेमरी संचात असते. खेळाचा प्रोग्रॅम कॅसेटमधल्या रॉम चिपमध्ये असतो. कॅसेट खाचेत नीट बसली की तिच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या संचातल्या पिनांना टेकतात आणि संगणक पुरा होतो. एखादी पट्टी टेकली नाही तर पडद्यावर एकच सपाट रंग दिसतो, नाहीतर चित्राचे तुकडे विखुरतात. या यंत्रांच्या दुरुस्तीचा जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास मुख्यतः या सांध्याचा, तसेच रबर, सेल, पट्टे आणि कपॅसिटर अशा झिजणाऱ्या भागांचा आहे. चिपा बहुतेक वेळा शाबूतच राहिल्या.

घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला व्हिडिओ गेम, मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’, १९७२ मध्ये अमेरिकेत विकायला आला. खेळ बदलण्यासाठी त्याच्यासोबत कार्डे मिळत, पण त्या कार्डांवर प्रोग्रॅम नव्हता. ती फक्त आतली तारांची जोडणी बदलत. प्रोग्रॅम असलेली रॉम चिप प्लॅस्टिकच्या डबीत घालून वेगळी विकण्याची पद्धत १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनेल एफ’ या संचाने बाजारात आणली. मूळ कल्पना आल्पेक्स या छोट्या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची होती. ती घरात वापरण्याजोगी करण्याचे काम फेअरचाइल्डमध्ये जेरी लॉसन या अभियंत्याच्या हाताखाली झाले. तोवर सर्किट बोर्ड कारखान्यात एकदा बसवला की सहसा कोणी हलवत नसे. इथे मात्र लहान मुले तो दिवसातून अनेकदा घालणार-काढणार होती. सांधा किती टिकेल, हा प्रश्न या धंद्यापुढे पहिल्या दिवसापासून उभा होता.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, अटारीने आपला संच आणला. पुढे ‘अटारी २६००’ या नावाने तो ओळखला गेला. त्यात मेमरी अवघी १२८ बाइटची होती आणि सुरुवातीच्या कॅसेटी २ ते ४ किलोबाइटच्या होत्या. भाग इतके थोडे असल्यामुळे बिघाडही मोजकेच होत. स्विच घाण धरत, जॉयस्टिकच्या आतल्या पत्र्याच्या टिकल्या चेपत आणि अडॅप्टर जळत. हे संच आजही मोठ्या संख्येने चालू अवस्थेत सापडतात. १९८३ मध्ये अमेरिकेतली व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली. न खपलेला माल कवडीमोलाने विकला गेला आणि अटारीने आपला काही साठा न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे कचराभूमीत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा उकरली तेव्हा त्या कॅसेटी प्रत्यक्ष हाती लागल्या.

त्याच १९८३ च्या १५ जुलैला जपानमध्ये निन्तेन्दोचा ‘फॅमिकॉम’ विक्रीला आला. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेल्या या संचाची किंमत १४,८०० येन होती. सुरुवात अडखळतच झाली. पहिल्या संचांच्या जॉयस्टिकवरची चौकोनी रबरी बटणे दाबल्यावर कडेला अडकत, आणि एका सदोष चिपमुळे खेळ मध्येच गोठत असे. कंपनीने माल परत मागवला, नवा बोर्ड घातला आणि बटणे गोल, टणक प्लॅस्टिकची केली. फॅमिकॉमच्या जॉयस्टिकच्या वायरी थेट संचाच्या आत जात. त्यामुळे वायर तुटली तरी संपूर्ण संच उघडावा लागे. १९८६ मध्ये निन्तेन्दोने त्याला डिस्क ड्राइव्हची जोड दिली. या ड्राइव्हमधला रबरी पट्टा काही वर्षांनी सैल पडतो, तुटतो किंवा वितळून चिकट लगदा होतो. आजही असा ड्राइव्ह हाती आला की दुरुस्त करणारा आधी पट्टा बदलतो आणि मगच बाकीचे पाहतो.

अमेरिकेत १९८५ मध्ये हाच संच ‘एनईएस’ या नावाने गेला, पण वेगळ्या रूपात. बाजार नुकताच कोसळलेला असल्यामुळे दुकानदार व्हिडिओ गेम ठेवायला तयार नव्हते. म्हणून संचाला व्हीसीआरचा घाट दिला गेला: पुढचे झाकण उघडायचे, कॅसेट आडवी आत सरकवायची आणि खाली दाबायची. या रचनेने ७२ पिनांच्या सांध्यावर ताण आला. दर वेळी कॅसेट खाली दाबताना पिना वाकत, काही वर्षांत त्यांचा स्प्रिंगपणा जाई आणि पकड ढिली पडे. त्यातच संचात आणि कॅसेटमध्ये कुलूप-किल्लीसारख्या दोन चिपा होत्या. विनापरवाना कॅसेटी चालू नयेत म्हणून त्या सतत एकमेकींशी जुळवून घेत. जुळणी चुकली की संचातली चिप दर सेकंदाला सगळे यंत्र पुन्हा सुरू करी. एनईएसचा लाल दिवा लुकलुकत राहतो तो यामुळेच. म्हणजे चोरी रोखण्यासाठी बसवलेला पहारा सैल पिनेलाही चोर समजत होता. यावर दुरुस्ती करणाऱ्यांनी दोन उपाय शोधले: सांधा नवा घालायचा, किंवा कुलपाच्या चिपची चौथी पिन कापायची, म्हणजे पहाराच उठतो. निन्तेन्दोने स्वतः १९९३ मध्ये वरून कॅसेट घालायचा सुधारित संच काढला, त्यात ही चिप ठेवलीच नाही.

कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय जगभर याच काळात पसरली. फुंकरीने खेळ कधीकधी सुरू होतो, पण त्याचे बरेचसे श्रेय कॅसेट काढून पुन्हा घालण्याला असते, कारण पुन्हा बसवताना पट्ट्या थोड्या वेगळ्या जागी टेकतात. श्वासातल्या ओलाव्याने मात्र धातू हळूहळू गंजतो. फुंकू नका, असे निन्तेन्दो सांगत असे. कॅसेटच्या पाठीवर बेन्झीन, थिनर आणि अल्कोहोल वापरू नका अशीही ताकीद छापलेली असे. आज मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हीच सफाईची सर्वमान्य पद्धत आहे. खोडरबरानेही पट्टी चकाकते, पण जास्त घासल्यास वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो.

कॅसेटमधली मास्क रॉम दीर्घायुषी असते. तिच्यातला प्रोग्रॅम कारखान्यातच चिपच्या रचनेत घडवलेला असल्यामुळे तो पुसला जात नाही. खेळाची प्रगती साठवणाऱ्या कॅसेटींची गोष्ट वेगळी. १९८७ मध्ये ‘द लिजंड ऑफ झेल्डा’ अमेरिकेत कॅसेटवर आला तेव्हा तिच्यात नाण्याएवढा ३ व्होल्टचा लिथियम सेल होता. संच बंद असताना तो एका छोट्या मेमरी चिपला जागे ठेवी. असे सेल पंधरा-वीस वर्षे टिकतात. काही त्याहूनही जास्त. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या कॅसेटींमध्ये त्याच सेलवर घड्याळही चालते, म्हणून तो लवकर संपतो. सेल बदलताना जुना काढला की साठवलेला खेळ जातो. तो वाचवायचा असेल तर बदली होईपर्यंत बाहेरून समांतर वीज द्यावी लागते किंवा मजकूर आधी संगणकावर उतरवून घ्यावा लागतो.

कपॅसिटरचा त्रास नव्वदच्या दशकातल्या यंत्रांत अधिक आहे. १९९० मध्ये आलेल्या सेगाच्या ‘गेम गिअर’ या हातातल्या संचातले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात, आवाज बसतो, पडदा फिका पडतो आणि गळलेले रसायन बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. या संचात एखाददुसरा कपॅसिटर बदलून भागत नाही. सगळेच काढून खालचा बोर्ड धुवावा लागतो.

भारतात हे खेळ मुख्यतः नकली संचांतून पोचले. तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या चिपांसारख्या चिपा बनवल्या आणि त्यांवर तैवान, हाँगकाँग आणि चीनमधल्या कारखान्यांनी स्वस्त संच काढले. रशियात ते ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’, तर भारतात ‘मीडिया’सारख्या नावांनी खपले. कॅसेटींवर ‘९९९९ इन वन’ अशी भरघोस संख्या असे. आत मोजकेच खेळ असत आणि तेच वेगवेगळ्या टप्प्यांवरून सुरू होत यादीभर फिरत. मूळ जपानी संच सेकंदाला ६० चित्रे काढी. भारतातल्या पॅल पद्धतीच्या टीव्हीसाठीचा संच ५० काढतो, आणि खेळाची चाल चित्रांवर बांधलेली असते. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या मुलांचा मारिओ जपानी मुलांच्या मारिओपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने सावकाश धावत होता.

या संचांना कंपनीचे सेवाकेंद्र नव्हते. ते टीव्ही मेकॅनिककडे जात. मेकॅनिकला खेळाची माहिती नसली तरी चालत असे, कारण लागणारे बहुतेक भाग रेडिओ-टीव्हीच्या कामातलेच होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तापकीर गल्ली अशा बाजारांत ते सुटे मिळत. चित्र येत नसेल तर तपासणी अडॅप्टरपासून सुरू होते. अडॅप्टरकडून येणारा दाब ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर ५ व्होल्टवर आणतो. तो पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने आवळलेला असतो आणि चांगला तापतो. पहिल्या पायावर दाब आहे पण तिसऱ्यावर ५ व्होल्ट नाहीत, तर रेग्युलेटर गेला. ५ व्होल्ट येत असतील तर कॅसेटची खाच, मग स्विच, मग टीव्हीकडे जाणारी केबल. बोर्ड हाताने दाबल्यावर चित्र येत असेल तर कुठेतरी ड्राय सोल्डर असते. तिथे पुन्हा सोल्डर मारले की काम होते.

जॉयस्टिकची तपासणीही अशीच क्रमाने होते. तिच्या आत ४०२१ ही एकच आयसी असते. आठ बटणांची स्थिती ती एकामागून एक अशी एकाच तारेतून संचाकडे पाठवते, म्हणून आठ बटणांना पाच तारा पुरतात. एकच बटण चालत नसेल तर त्याखालच्या रबरावरची काळी कार्बनची टिकली झिजलेली असते. आठही बटणे एकदम बंद पडली तर दोष वायरीत किंवा आयसीत, आणि वायर बहुधा जॉयस्टिकच्या तोंडाशीच तुटलेली सापडते. तेवढा तुकडा कापून पुढची वायर जोडली की जॉयस्टिक पुन्हा चालते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नकली संचांतल्या सगळ्या चिपा एकाच तुकड्यात आल्या. तो तुकडा थेट बोर्डावर चिकटवून वर काळ्या इपॉक्सीचा गोळा ओतलेला असे. त्यामुळे संच आणखी स्वस्त झाले, पण आतला दोष शोधून भाग बदलण्याची सोय उरली नाही. वायर आणि रेग्युलेटर सोडले तर दुरुस्तीला काही शिल्लकच नव्हते. मेकॅनिककडे येणारे काम आटले आणि बिघडलेला संच भंगारात जाऊ लागला.

मूळ कंपन्यांनीही हात आवरते घेतले. जपानमध्ये फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये थांबले आणि भाग मिळेनात म्हणून निन्तेन्दोने ऑक्टोबर २००७ मध्ये त्याची दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर हे काम हौशी लोकांच्या हाती गेले. निन्तेन्दोच्या कॅसेटी आणि संच उघडायला लागणारे ३.८ आणि ४.५ मिलिमीटरचे खास पाने स्वस्तात मिळू लागले. सांधे, पट्टे आणि रबरे नव्याने बनू लागली. २००८ मध्ये पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाचा उपाय ‘रेट्रोब्राइट’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याने रंग उजळतो, पण काही वेळा तो पुन्हा पिवळा पडतो.

संच दुरुस्त झाला तरी जुना खेळ जसाच्या तसा खेळायला जुना टीव्ही लागतो. ‘डक हंट’मधली बंदूक याचे उत्तम उदाहरण आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या प्रकाशसंवेदकाला तो उजेड दिसला तर नेम लागला. पिक्चर ट्यूबवर चौकोन त्याच क्षणी दिसतो. एलसीडी पडद्याला चित्र तयार करायला वेळ लागतो आणि त्याचा उजेडही संवेदकाला हव्या त्या लयीचा नसतो, त्यामुळे प्रत्येक नेम चुकलेलाच ठरतो. पिक्चर ट्यूबच्या अखेरच्या उत्पादकांत मूळ औरंगाबादची व्हिडिओकॉन कंपनी होती. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला होता. तिचे उत्पादन २०१५ च्या सुमारास बंद झाले.

यंत्राशिवाय खेळ चालवण्याचा मार्ग म्हणजे एम्युलेटर, मूळ संचाची नक्कल करणारा संगणक प्रोग्रॅम. १९९७ च्या ‘नेस्टिकल’ने साध्या पीसीवर एनईएसचे खेळ चालवून दाखवले. २०१६ मध्ये निन्तेन्दोनेही लिनक्सवर चालणारा एम्युलेटर घातलेला छोटा एनईएस विकला. अलीकडे एफपीजीए नावाच्या चिपमध्ये मूळ सर्किटचीच रचना पुन्हा घडवली जाते, त्यामुळे वेळेचे गणित मूळ यंत्राच्या अधिक जवळ जाते. या सगळ्यासाठी आधी मूळ कॅसेटमधला मजकूर बिनचूक उतरवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीही सांधा स्वच्छ व चालू कॅसेटच हवी.

कायद्याने या कामाला थोडीच जागा दिली आहे. कालबाह्य माध्यमांवरच्या खेळांसाठी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २००३ मध्ये मर्यादित सवलत दिली. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे आढळले. असे खेळ कायदेशीरपणे खेळण्यासाठी बहुतेक वेळा जुनी कॅसेट आणि तिला साजेसा चालू संच हाच मार्ग उरतो. त्यामुळे सेल बदलणे, पट्टी पुसणे आणि सोल्डर मारणे ही कामे आता हौशी लोकांसोबत संग्रहालयांच्या कार्यशाळांतही होतात.