आधी कुत्रा चालला

कुत्र्याचं मोडलेलं हाड जोडणं अवघड का? कारण त्याला ‘सहा आठवडे पाय टेकवू नकोस’ असं सांगता येत नाही. प्लास्टर घातलं की तो ते दातांनी कुरतडतो, ओलं करतो. त्यात मांडीचं हाड मोडलं असेल तर आणखी पंचाईत. कुत्र्याची मांडी वर जाड, खाली निमुळती. कितीही घट्ट बांधा, पट्टी घसरतेच.

ओट्टो स्टेडर हा अमेरिकी पशुवैद्य १९३०च्या दशकात या अडचणीला भिडला आणि त्याने प्लास्टरच बाद केलं. हाडाच्या दोन्ही तुकड्यांत, कातडीतून, दोन-दोन पिना घातल्या. त्याही तिरक्या. सरळ समांतर पिना निसटू शकतात. एकमेकींकडे कललेल्या पिना हाड धरून ठेवतात. पिनांची बाहेरची टोकं ठोकळ्यांत आवळली आणि ते ठोकळे धातूच्या एका दांडीने जोडले. खरी करामत या दांडीत होती. तिचे स्क्रू फिरवले की हाडाचे तुकडे लांब-जवळ सरकत, कोन बदलत. म्हणजे हाड ओढून जागेवर आणायचं आणि तिथेच धरून ठेवायचं, दोन्ही कामं एकाच अवजाराने. वरचा-खालचा सांधा मोकळा राही, त्यामुळे स्नायू वाळत नसत. कुत्रा हाड जुळायच्या आधीच त्या पायावर चालू लागे.

हाड असं बाहेरून धरायची कल्पना स्टेडरची नव्हे, हेही सांगायला हवं. डेन्व्हरच्या क्लेटन पार्कहिलने १८९०च्या दशकात आणि बेल्जियमच्या आल्बँ लाँबॉटने १९०२मध्ये माणसांवर ती वापरली होती. तरी बहुतेक सर्जन प्लास्टरवर आणि पायाला वजनं टांगण्यावरच विसंबून राहिले. पेशंट महिनोनमहिने निमूट पडून राहत असेल तर घाई कुणाला?

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमधल्या केनेथ लुईस आणि लेस्टर ब्रायडनबाख या सर्जनांनी मात्र स्टेडरचं अवजार माणसांच्या पायांत बसवलं. १९४२मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या मासिकात त्यावर लेख आला. लेखकांत तिसरं नाव स्टेडरचं! माणसांच्या सर्जरीच्या मासिकात कुत्र्यांचा डॉक्टर. मला तर या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं. अमेरिकी नौदलाला ही युक्ती पटली, यात नवल नाही. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला खलाशी बुडत्या जहाजावरून पोहणार कसा? नौदलाचे डॉक्टर शार आणि क्रूझ यांनी १९४३मध्ये या पद्धतीवर पुस्तकच काढलं. पण पिना घालणारे सगळेच हात तयारीचे नव्हते. पिनांच्या भोकांतून पू येऊ लागला, पिना सैल झाल्या, काही हाडं जुळलीच नाहीत. १९५०च्या सुमाराला अमेरिकेतल्या बहुतेक अस्थिशल्यविशारदांनी या पद्धतीकडे पाठ फिरवली.

पशुवैद्यांना ती चैन परवडणारी नव्हती. त्यांचे पेशंट अजूनही प्लास्टर कुरतडत होते. सिएटलच्या एहमरने असा बाहेरचा सांगाडा लहान जनावरांसाठी सुटसुटीत केला आणि कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत तो पुढे कित्येक दशकं चालला. माणसांकडे ही पद्धत १९७०च्या आसपास जोमाने परतली, ती युरोपातून. आज हायवेवरच्या अपघातात पायाचा चेंदामेंदा झालेला माणूस आला, जखम उघडी असली, की डॉक्टर आधी बाहेरून रॉड लावतात.