कोणत्या काठीनें? : भूमापनाचीं मानें व उपग्रहमापन

जुन्या सनदा, महजर व इनामपत्रें वाचणारास एक अडचण वारंवार येते. कागदांत जमीन अमुक बिघे म्हणून स्पष्ट लिहिलेली असते. परंतु तो बिघा कोणत्या काठीचा, हें जोंपर्यंत समजलें नाहीं तोंपर्यंत त्या आंकड्यावरून शेताच्या खऱ्या विस्ताराविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं. म्हणूनच जुन्या पत्रांत क्षेत्राच्या जोडीस चतुःसीमा लिहिण्याचा परिपाठ होता. अलीकडे उपग्रहांच्या साहाय्यानें जमिनीची मोजणी होऊं लागल्यापासून पुष्कळांची अशी समजूत झाली आहे, कीं आतां सेंटिमीटरांपर्यंत अचूक आंकडा हातीं येत असल्यामुळें काठीचा प्रश्न कायमचा मिटला. ही समजूत बरोबर नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्रांतील भूमिमापनाचा जुना पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनें आपल्या राज्यारोहणाच्या १८ व्या वर्षीं तेथील भिक्षूंस २०० निवर्तनें शेत दिलें. पुढें २४ व्या वर्षाच्या लेखांत असें आढळतें, कीं तें शेत कसलें जात नाहीं व गांवांत वस्ती नाहीं, म्हणून त्याऐवजीं नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें देण्यांत आलीं. निवर्तन म्हणजे किती, हें मात्र लेखांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. तत्कालीन अधिकाऱ्यास तें सांगण्याची गरजच नव्हती. पुढें सुमारें हजार वर्षांनीं, शके १०७२ मध्यें, भास्कराचार्यांनीं लीलावतींत आठ यवांचें एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हस्त, दहा हस्तांचा एक वंश व वीस वंश भुजेच्या चौरसाचें एक निवर्तन असें कोष्टक दिलें. परंतु या साऱ्या इमारतीचा पाया म्हणजे यवाचा दाणा; आणि तो प्रत्येक रानांत निराळा! गौतमीपुत्राचें निवर्तन व भास्कराचार्यांचें निवर्तन एकच होतें असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. तमिळनाडूंतील कांहीं प्राचीन मंदिरांच्या भिंतींवर मोजणीच्या काठीची लांबी कोरून ठेविलेली आढळते, तिचें मर्म यांतच आहे. आंकडा ताम्रपटावर आणि त्याचें मान सर्वांच्या डोळ्यांसमोर, दगडावर.

शिवकालीं पांच हात व पांच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद मिळून एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असें सभासद सांगतो. येथें कोष्टक निश्चित झालें आणि राज्यानें एक काठी ठरविली, ही मोठी गोष्ट होय. तथापि त्याच मुलखांत त्याआधींचीं व नंतरचीं मानेंही चालत राहिलीं, आणि एकाच गांवच्या दोन कागदांतील बिघे एकमेकांशीं जुळेनात. संशोधकांचे जे वाद या संबंधांत झाले, त्यांतील निम्मे तरी काठीचें नांव कागदांत नसल्यामुळें झाले आहेत.

इंग्रजी अमलांत प्रिंगल यानें १८३० च्या सुमारास केलेली पहाणी शेतकऱ्यांस असह्य होऊन मोडली. नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यांत नवी पहाणी सुरू केली. तिचा वसुलीचा भाग आपल्या अभ्यासकांनीं पुष्कळ चर्चिला आहे. मोजणीचा भाग तितका कोणी चर्चिलेला नाहीं. या मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ३३ फुटांचा चौरस १,०८९ चौरस फुटांचा, व त्याची चाळीसपट ४३,५६० म्हणजे बरोबर एक एकर, हें पाहिलें म्हणजे ही साखळी किती विचारानें बांधलेली होती तें कळतें. शंकु लावून काटकोन काढावयाचे, शेताच्या आंत एक मुख्य रेषा टाकावयाची, तिच्यापासून दोन्ही बाजूंस बांधाच्या वळणांपर्यंतचीं अंतरें साखळी-आण्यांत मोजावयाचीं आणि हें सर्व ज्या कागदावर लिहावयाचें त्याचें नांव टिपण. पुढें मेट्रिक मान आलें तेव्हां सातबारावर एकर-गुंठ्यांच्या जागीं हेक्टर-आर आले. पण तें रूपांतर कचेरींतल्या कागदावर झालें, शेतांत पुन्हां कोणी साखळी टाकली नाहीं. गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा व आर १०० चौरस मीटरांचा. त्यामुळें लोक आरासही गुंठाच म्हणत आले आहेत.

याच काळांत दुसरी एक मोजणी या देशांत चालू होती. लॅम्ब्टन यानें १८०२ मध्यें मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची सांखळी उत्तरेकडे नेण्यास आरंभ केला. वीस वर्षांनीं, १८२३ मध्यें, तो काम करीत असतांच वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारला. त्याच्या मागून एव्हरेस्ट यानें तें काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें, आणि पृथ्वीचा आकार हिंदुस्थानास बरा बसेल असा एक लंबगोल कल्पून त्यावर सर्व नकाशे बसविले. मध्यप्रदेशांतील कल्याणपूर येथील एक बिंदु या सर्व गणिताचा आरंभबिंदु होय. लक्ष्यांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं मुंबई इलाख्यांतील शेतांचीं टिपणें या त्रिकोणांस बहुतेक ठिकाणीं जोडलेलीं नव्हतीं. लॅम्ब्टनच्या माणसांस पृथ्वीची वक्रता ठाऊक होती, पण बांध कोणाचा तें नव्हे; विंगेटच्या मोजणीदारांस बांध ठाऊक होता, परंतु तो पृथ्वीच्या पाठीवर नक्की कोठें आहे हें सांगण्याचें त्यांस प्रयोजन नव्हतें. प्रत्येक सर्व्हे नंबर हा जणूं एक स्वतंत्र बेट होता. आज जी अडचण उभी राहिली आहे तिचें मूळ येथें आहे.

आतां उपग्रहांकडे वळूं. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेंतील पहिला उपग्रह १९७८ मध्यें सोडण्यांत आला व ती योजना १९९५ मध्यें पूर्ण झाली. हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. सामान्य जनांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली. रशिया, युरोप व चीन यांच्या अशाच मालिका आहेत, आणि भारतानें २०१३ पासून आपली ‘नाविक’ मालिका उभारली. यांचें तत्त्व संस्कृत बीजगणित शिकलेल्यास सहज समजण्याजोगें आहे. प्रत्येक उपग्रह आपली जागा व आपल्या घड्याळाची वेळ सतत सांगत असतो. संदेश निघाल्यापासून पोंचेपर्यंत किती वेळ लागला यावरून अंतर निघतें. आपलें स्थान सांगणारीं तीन अव्यक्तें व आपल्या हातांतील यंत्राच्या घड्याळाची चूक हें चौथें अव्यक्त. म्हणून चार उपग्रहांकडून चार समीकरणें हवींत. भास्कराचार्यांच्या अनेकवर्णसमीकरणांत यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं अव्यक्तांचीं नांवें आहेत. येथें नेमके तितकेच वर्ण लागतात. सेकंदाच्या एका अब्जांशांत प्रकाश सुमारें ३० सेंटिमीटर जातो, यावरून घड्याळें किती सूक्ष्म असावीं लागतात तें ध्यानांत येईल.

तथापि एकट्या यंत्रानें कांहीं मीटरांची चूक रहातेच, कारण वातावरणाच्या वरच्या थरांतून येतांना संदेशास उशीर होतो. तिच्यावरचा उपाय असा, कीं ज्याचें स्थान आधींच नीट ठरलेलें आहे अशा जागीं एक यंत्र कायम ठेवावयाचें. त्यास उपग्रहांवरून दिसणाऱ्या जागेंत व खऱ्या जागेंत जो फरक पडेल तोच फरक जवळच्या शेतांतील यंत्राच्या आंकड्यांतून वजा करावयाचा. अशीं कायमचीं केंद्रें भारतीय सर्वेक्षण विभागानें ठिकठिकाणीं उभारलीं आहेत. शेतांत काठीवर बसवून फिरविण्याच्या यंत्रास आमच्याकडील मोजणीदार ‘रोव्हर’ म्हणतात. मोकळ्या रानांत त्यानें दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत जागा मिळते. काठी येथेंही आहेच, फक्त तिच्यावरचे हात व मुठी गेल्या आहेत. ज्या गांवठाणांच्या आंत इंग्रजी साखळी बहुधा गेलीच नव्हती, तेथें २०२० मध्यें सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेंत ड्रोननें घरांची मोजणी झाली, तीही याच केंद्रांच्या आधारानें.

मग कोणती काठी, हा प्रश्न उरला कोठें? तो दोन जागीं उरला आहे. पहिली जागा लंबगोलाची. एव्हरेस्टचा लंबगोल व उपग्रहांचा लंबगोल हे भिन्न असून त्यांचे मध्य शेंकडों मीटरांनीं वेगळे पडतात. एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश या दोहोंवर वेगवेगळे येतात, आणि रूपांतर न करितां नवा आंकडा जुन्या नकाशावर मांडल्यास चूक कित्येक मीटरांची, प्रसंगीं शंभर मीटरांच्या घरांत जाणारी होते. दुसरी जागा काळाची, आणि ती अधिक चमत्कारिक आहे. भारताचा भूखंड ईशान्येकडे दर वर्षीं सुमारें ५ सेंटिमीटर सरकत आहे. बांध, शेत, विहीर, देऊळ सर्वच मिळून सरकत असल्यामुळें शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्यें कांहीं फरक पडत नाहीं. परंतु सबंध पृथ्वीच्या चौकटींत लिहिलेला आंकडा वीस वर्षांत एक मीटर मागें पडतो. ऑस्ट्रेलियाचा भूखंड याहून वेगानें, वर्षास सुमारें ७ सेंटिमीटर, सरकतो; त्यामुळें तेथें १९९४ चे आंकडे मोडून २०२० चे नवे घ्यावे लागले, आणि त्या दोहोंत १.८ मीटरांचें अंतर होतें. विनोदानें असेंही म्हणतां येईल, कीं हस्त दीड फुटांचा धरल्यास लीलावतींतील निवर्तनाची भुजा ३०० फुटांची, म्हणजे सुमारें ९१ मीटरांची होते. आणि गौतमीपुत्रापासून आजवर एकोणीस शतकांत त्याचें दान दिलेलें शेत जवळजवळ एक निवर्तनभुजा ईशान्येस गेलें आहे. भिक्षूंच्या हक्कास यामुळें बाध आला नाहीं, कारण तो शेताच्या सीमेस लिहून दिला होता, आंकड्यास नव्हे.

सीमेचा विचार आपल्या धर्मशास्त्रांत फार बारकाईनें झाला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दोन गांवांच्या शिवेचा वाद ज्येष्ठ मासांत, म्हणजे खुणा उघड्या पडल्या असतां, निकालांत काढावा असें सांगितलें आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सांवरी, ताड असे वृक्ष लावावे. आणि वरच्या खुणा नाहींशा होतात म्हणून जमिनींत दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे असे न कुजणारे पदार्थ गुप्तपणें पुरून ठेवावे. साक्षीदारानें डोक्यावर माती घेऊन, तांबडें वस्त्र नेसून शीव सांगावी. महाराष्ट्रांतील महजरांत हाच विधि थोड्या फरकानें दिसतो. गांवची शीव दाखविण्याचें काम महार वतनदारांकडे असे व शिवेच्या वादांत त्यांचा शब्द निर्णायक धरीत. ज्या माणसास त्या शिवेच्या आंत बहुधा स्वतःचें फारसें कांहीं नसे त्याच्याच स्मरणावर सर्व गांवाची मालकी उभी होती, ही गोष्ट आमच्या इतिहासलेखकांनीं जितकी लिहावयास पाहिजे तितकी लिहिलेली नाहीं.

येथें एक गंमत सांगावीशी वाटते. मनूनें ज्या दाट पर्णांच्या वृक्षांस शिवेचे उत्तम साक्षीदार मानलें, तेच रोव्हरचे शत्रु आहेत. वडाखालीं यंत्र उभें केलें म्हणजे पानांच्या आड उपग्रहांचे संदेश क्षीण होतात. गांवठाणांतील अरुंद बोळांत ते भिंतींवर आपटून उशिरानें येतात. मग शिवेच्या वडापाशीं पुन्हां मोकळ्या जागेंतून टेपानें अंतर घ्यावें लागतें, आणि उपग्रहाचें काम शेवटीं साखळीकडेच येतें.

शेतांत प्रत्यक्ष काय होतें तें पहा. भाऊबंदांत किंवा शेजाऱ्यांत तंटा लागतो, मोजणीचा अर्ज होतो, भूकरमापक रोव्हर घेऊन येतो. यंत्र तो उभा असलेल्या बिंदूचें स्थान दोन बोटांपर्यंत सांगतें. पण हद्द त्या बिंदूवर आहे कीं दोन हात पलीकडे, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं त्यास टिपण पहावें लागतें, गुणाकार बुक पहावें लागतें, फाळणीचा नकाशा पहावा लागतो आणि जुना दगड जाग्यावर आहे कीं नाहीं तें शोधावें लागतें. पांच हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ शेतांत अडीच मीटरांची होते. अशा रेघेवर दोन सेंटिमीटरांचें यंत्र ठेवून भांडण तोडावयाचें असतें. टिपण फाटलें असेल व दगड नांगराखालीं गेला असेल, तर जो बांध आज आहे तोच अचूकपणें नोंदला जातो. मग तो बांध कोरून कोरून कोणीं सरकविला असला तरी त्यास सेंटिमीटरांची प्रतिष्ठा मिळते. दुबळ्या खातेदाराचें यांत नुकसान आहे. बांध कोरणारा बहुधा बैलजोडीचा, आणि आतां ट्रॅक्टरचा धनी असतो, व ज्याचा बांध कोरला जातो त्याच्यापाशीं जुन्या टिपणाखेरीज दुसरें साधन नसतें.

म्हणून नव्या मोजणीनंतर जुनीं टिपणें निरुपयोगी झालीं, हा जो सूर कधीं कधीं ऐकूं येतो तो घातक आहे. शंभर-दीडशें वर्षांचीं टिपणें पुष्कळ कचेऱ्यांतून ठिसूळ होऊन तुकडे पडण्याच्या स्थितींत आहेत. कांहींचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण पेन्सिलीनें लिहिलेले आणे व घडीवर पुसट झालेले आंकडे छायाचित्रांत वाचतां येतीलच असें नाहीं, आणि म्हणून मूळ कागद राखणें अवश्य आहे. तसेंच नव्या नकाशावर प्रत्येक दगडाच्या आंकड्यांबरोबर तो कोणत्या लंबगोलावर व कोणत्या वर्षास धरून काढला, कोणत्या केंद्राशीं जोडला आणि कोणत्या टिपणावरून जागा ठरविली, हें लिहिलेलें असावें. तें नसेल तर आणखी शंभर वर्षांनीं त्या आंकड्यांपुढें बसणारा संशोधक, बिघ्यांपुढें आज आम्ही बसतों तसाच बसेल.

मंडळाच्या सभासदांकडून एवढीच अपेक्षा, कीं ज्यांच्या गांवीं सध्यां मोजणी चालू आहे त्यांनीं शिवेवरील दगडांचीं, ओढ्यांचीं व झाडांचीं स्थानिक नांवें वृद्धांकडून उतरून घ्यावीं आणि घरांत असलेल्या महजरांतील चतुःसीमेशीं तीं ताडून पहावीं. असें काम ज्येष्ठांतच करावें, हें मनूचें सांगणें आजही तंतोतंत लागू पडतें. पाऊस पडून गवत वाढलें कीं निम्मे दगड दिसत नाहींत.